पंधरा घोड्यांचा प्रश्न

जुनी डिझेल गाडी घ्यायला नळदुर्गहून सोलापूरला गेलो आणि दोन फियाट पुंटोंच्या मध्ये अडकलो. दोघी सख्ख्या बहिणी, रांजणगावच्या. इंजिन तेच, १२४८ सीसीचं. पण एक ७५ अश्वशक्तीची, दुसरी वेगळ्या टर्बोच्या कृपेनं ९० ची. किमतीत चाळीस हजारांचा फरक. म्हणजे घोड्यामागे २६६६ रुपये ६७ पैसे. (सवय, दुसरं काय!)

एजंट म्हणाला, "साहेब, जोर हाताशी असावा. वापरायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

इथंच घोडं अडलं. ७५ वर मी ट्रकमागे गुमान जाणार, कारण इलाज नाही. ९० असूनही गुमान गेलो, तर ते शील!

मग नोकरीचंच कोडं पडलं. वीस वर्षं कॅशवर बसून मी एका पैशाला शिवलो नाही. पण आमच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल आहे, बंधाऱ्याच्या पोटात. पावसाळ्यात वरून बोरी नदी कोसळते, आतला माणूस कोरडा. त्यात माणसाचं कसलं कौतुक? भिंत पक्की! माझ्याभोवतीही दोन किल्ल्या, दोन सह्या, वर ऑडिट. मग मी सज्जन, की नुसताच ७५ घोड्यांचा?

हिला विचारलं. ही म्हणाली, "फडताळातल्या डब्याला कुठं ऑडिट आहे? परवा त्यात पन्नास रुपये कमी निघाले."

गाडी ७५ ची आली. वाचलेले चाळीस हजार कपाटात आहेत. किल्ली हिच्याकडे असते.