अश्वगंधेपाशी थोडा वेळ

सकाळी ऊन चढण्याआधी अश्वगंधेच्या रोपापाशी बसा. उभ्याने पाहू नका. किडीचा सगळा संसार पानाखाली असतो, तो बसल्याशिवाय दिसत नाही. साबणाच्या पाण्याचा वाडगा आणला असेल तर तो तूर्त बाजूला ठेवा. त्याची वेळ अजून आलेली नाही.

आधी नुसती पाने पाहा. काही पानांचा हिरवा गर गेला आहे, शिरा आणि त्यांच्यामधला पातळ पापुद्रा तेवढा उरला आहे. बोट लावले तर तो कागदासारखा वाजतो. टोळ पान कडेपासून कुरतडत जातो. इथे पान खरवडले गेले आहे. ही रीत एपिलॅक्ना भुंगेऱ्याची आणि त्याच्या अळीची. वांग्याचे वाफे ज्यांनी राखले आहेत त्यांना ती ओळखीची असेल. अश्वगंधा वांग्याच्याच कुळातली, त्यामुळे बटाटा, कामोणी, धोतरा यांच्यावर जगणारा हा पाहुणा तिच्याकडेही येतो.

मनात राग आला असेल. जे रोप आपण औषधासाठी लावले, ते कुणी खाताना पाहून राग येणारच. तो दाबू नका आणि त्याच्या हाती कामही देऊ नका. एक श्वास सावकाश सोडा आणि पान उलटा.

पाठीवर तांबूस, घुमटासारखा, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा बसला आहे. इथे थांबा. परसबागेतली सर्वांत मोठी चूक याच क्षणी होते. मावा खाणारा ढालकिडा, ज्याला आपण लेडीबर्ड म्हणतो, तोही असाच घुमटाकार आणि ठिपक्यांचा. दोघेही एकाच घराण्यातले. एक आपली पाने खातो, दुसरा आपल्या पानांचा रस शोषणाऱ्यांना खातो. पाठीवरची चमक पाहा. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, लखलखीत असते. एपिलॅक्नाची पाठ मंद दिसते, कारण तिच्यावर बारीक लव असते. ठिपके मोजायला घेतलेत तर बहुधा 28 भरतील, दोन्ही पंखांवर 14-14. मोजा, घाई नाही. ठिपके मोजून होईपर्यंत हात आपोआप शांत होतो, आणि मला तरी हात शांत करण्याचा याहून चांगला उपाय माहीत नाही.

शेजारच्या पानावर पिवळसर, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे असलेली अळी आहे. ती एपिलॅक्नाची. काळपट, लांबट, नारिंगी डाग असलेली, भराभर पाय टाकणारी अळी दिसली तर ती ढालकिड्याची. तिला वाट द्या. भयंकर दिसते म्हणून तिला चिरडणारे पुष्कळ आहेत, आणि त्याच झाडावर पुढे मावा का वाढला हे त्यांना कळत नाही.

अंड्यांपाशी मात्र डोळा फसतो. दोघांचीही अंडी पिवळी, लांबोळी, पानामागे पुंजक्याने उभी केलेली. आसपास मावा आहे का पाहा. मावा असेल तर ती ढालकिड्याची असण्याचा संभव अधिक. तरीही शंका उरली, तर त्या पानाला दोरा बांधून ठेवा. काही दिवसांत अंडी फुटतील आणि अळीच आपली ओळख सांगेल. कोवळ्या अळ्या आधी तिथेच घोळक्याने खातात, तेव्हा उशीर झाला असे होत नाही. ठाऊक नसताना न मारणे मला झाडाच्या हिताचेही वाटते.

आता एखादी अळी शोधा जी हलत नाही, जिचा पिवळेपणा जाऊन ती तपकिरी, कडक झाली आहे. मिळाली तर तिच्यापाशी सर्वांत जास्त वेळ घालवा. पेडिओबियस नावाची, मिलिमीटरभर लांबीची गांधीलमाशीच्या गोतातली माशी या अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्ले आतून अळी खातात, तिच्या सालीतच कोष करतात आणि एका सालीतून अनेक माश्या बाहेर पडून पुढच्या अळ्या शोधू लागतात. ही माशी 1966 मध्ये भारतातून अमेरिकेत नेली गेली, तिथल्या घेवड्यावरच्या अशाच भुंगेऱ्याला आवर घालण्यासाठी. ती आपल्या रोपावर न बोलावता येते, आणि आपण स्वच्छतेच्या हौसेने ती वाळकी साल खुडून फेकतो. एकही भुंगेरा न उरलेल्या बागेत या माशीला अंडी घालायला जागा नाही. त्यामुळे सगळे संपवण्याचा हट्ट मला पटत नाही.

मग किती पाने जाऊ द्यायची? हा प्रश्न मनात काही वेळ धरा. आपल्याला मूळ हवे आहे, ते खणायला पाच-सहा महिने आहेत. पण मूळ पोसले जाते पानांवरच. चार-सहा पानांच्या रोपाची दोन पाने गेली तर ते मागे पडते, तिथे हयगय नको. फांद्या फुटलेले झाड थोडी पाने सहज देते. आपल्या समोरचे रोप यांपैकी कोणते, हे तुम्हीच पाहून ठरवा. दुकानातल्या आंतरप्रवाही औषधाचा विचार मात्र इथेच सोडा. ते झाडाच्या रसात शिरते, आणि या झाडाचे चूर्ण घरातली म्हातारी माणसे दुधातून घेणार आहेत.

आता वाडगा घ्या, पानाखाली धरा. स्पर्श होताच भुंगेरा पाय आखडून मेल्यासारखा खाली पडतो. त्याचा हा बचावच त्याला पाण्यात नेतो. बोटाला पिवळा, उग्र वासाचा थेंब लागेल, तो त्याच्या पायांच्या सांध्यांतून आलेला असतो. नजर वळवू नका. आपण जीव घेत आहोत, झाडासाठी घेत आहोत, आणि कुणाचा घेत आहोत हे आता आपल्याला माहीत आहे.

अळ्या फार असतील तर संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा. 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, चिमूटभर साबण घालायचा. दिवसाचे ऊन त्याचा गुण लवकर घालवते, म्हणून संध्याकाळ. 1959 मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की आजूबाजूची हिरवळ उजाड झाली, कडुनिंब तेवढा हिरवा राहिला. पुढचे त्याचे संशोधन त्या पाहण्यातून निघाले. अर्काने किडी लगेच पडत नाहीत. त्यांची भूक मरते, कात टाकणे बिघडते. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली तर लगेच पुन्हा फवारू नका.

वाडग्यातले पाणी झाडांपासून दूर ओता. वाळक्या तपकिरी अळ्या असलेली पाने आहेत तिथेच राहू द्या. तीन-चार दिवसांनी पुन्हा या, आधी दोरा बांधलेले पान पाहा. तोवर अंडी फुटलेली असतील.