काठावरचा विवेक

स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार माणसाला आहे काय? देशासाठी किंवा बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी जीव देणाऱ्यापुढे आपण नतमस्तक होतो. परंतु ज्या साहसातून अन्न, धन वा विजय यांपैकी काहीच पदरी पडत नाही, त्याला काय म्हणावे? दुर्गम पहाडी नद्यांच्या खोल घळींतून कयाक हाकणाऱ्यांविषयी वाचताना हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही.

कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची, वरून झाकलेली अरुंद होडी. ती उलटली तरी कसलेला माणूस बाहेर न पडता वल्ह्याच्या आणि कमरेच्या झटक्याने पुन्हा सुलटी करतो. खरे भय प्रपाताच्या पायथ्याशी असते. तेथे पाणी मागे वळते आणि होडीला धरून घुसळत राहते. दोन्ही बाजूंना उभे कडे असले, तर काठ गाठणेही दुरापास्त होते.

तिबेटातील यारलुंग त्सांगपो ही अशीच नदी. 7782 मीटर उंचीच्या नामचा बारवाला वळसा घालून ती जगातील अतिखोल घळींपैकी एकीतून उतरते. अरुणाचलात सियांग आणि आसामात ब्रह्मपुत्रा होते. 1998 च्या ऑक्टोबरात एक अमेरिकन पथक तेथे गेले. त्या वर्षी पाऊस जबर झाला होता आणि नदी अपेक्षेपेक्षा कितीतरी फुगलेली होती. म्हणून मुख्य प्रवाह टाळून कडेकडेने जाण्याचे पथकाने ठरवले. त्यातील मुरलेला कयाकपटू डग गॉर्डन याने एक लहान प्रपात पाहिला, जोखला आणि होडी घातली. ती उलटून मुख्य प्रवाहात ओढली गेली. त्याचा देहही हाती लागला नाही. 2002 मध्ये दुसऱ्या सात जणांनी हिवाळ्यातले कमी पाणी निवडले. जेथे धोका पेलवणारा नव्हता, तेथे होड्या खांद्यावर घेऊन त्यांनी खडक ओलांडले आणि घळीचा वरचा भाग सुखरूप पार केला. पुढे मोठे धबधबे होते. तेथे नदी सोडून ते डोंगर चढून बाहेर पडले.

यावरून पहिला अविचारी आणि दुसरे विचारी असा निवाडा करणे सोपे आहे. पण तो केवळ फळावरून केलेला निवाडा होईल. गॉर्डननेही काठावर उभे राहून पाणी पारखले होते. आम्हांस येथे गीतेच्या अठराव्या अध्यायातील तामस कर्माचे लक्षण आठवते. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष, म्हणजे मागाहून येणारे परिणाम, होणारी हानी, इतरांना पोहोचणारी इजा आणि आपले सामर्थ्य, यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. त्यात धोका आहे की नाही, हा निकषच नाही.

क्षय आणि पौरुष यांचा हिशेब हे लोक काठावर कसोशीने करतात. अवघड आहेत ते उरलेले दोन. ‘जीव माझा आहे’ हे साहसी माणसाचे ठरलेले उत्तर. पण अशा नदीत सहसा कोणी एकटा उतरत नाही. एक जण प्रपातात शिरतो, तेव्हा दुसरा खाली दोरी घेऊन उभा असतो. 1976 मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या दूधकोशीतून मोहीम नेणारा ब्रिटिश डॉक्टर माइक जोन्स 1978 मध्ये काराकोरममधील ब्राल्डू नदीत बुडाला, तो संकटात सापडलेल्या सोबत्याला वाचवायला गेला असताना. त्या कृतीला आपण त्याग म्हणू. पण त्यागाची वेळ आणणारे साहस दोघांनी मिळून आरंभलेले होते. आपण पाण्यात उतरलो की खाली दोरी धरून उभ्या असलेल्याचा जीवही पणाला लागतो. त्या क्षणी जीव केवळ आपला राहत नाही.

शासकीय नोकरीत आम्ही बुडून झालेल्या मृत्यूंचे अनेक पंचनामे वाचले. त्यांत स्थळ, वेळ, साक्षीदार सारे असते. मागे राहिलेल्यांचे काय, हे मात्र दुसऱ्या कागदावर, वारसाच्या अर्जातच दिसते. साहसाचा विचार करताना हे दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात.

म्हणून साहस निषिद्ध ठरवावे, असे आम्हांस वाटत नाही. धोका अजिबात नको म्हणणारा समाज सुरक्षित राहील. पण बुडणाऱ्यासाठी उडी घेणारा माणूस त्यात कोठून निपजणार? जोन्सला पाण्यात झेपावण्याचे बळ त्याच नद्यांनी दिले होते. आमची अपेक्षा एवढीच, की ज्यांचे जीव वा संसार आपल्या जिवाशी बांधलेले आहेत, त्यांना साहसाची कल्पना आधी द्यावी आणि त्यांचा होकार गृहीत धरू नये. तसेच काठावर मन कचरले तर होडी खांद्यावर घेण्यात कमीपणा मानू नये. सात जणांची होडी खांद्यावर घेऊन केलेली ती पायपीट आम्हांस त्यांच्या जलप्रवासाइतकीच धैर्याची वाटते.