दलाली कशाची?

हाउस ऑफ लॉर्ड्सने 'लक्झर विरुद्ध कूपर' खटल्याचा निकाल दिला. दोन कंपन्यांना आपली थिएटरं विकायची होती. विक्री पूर्ण झाली तर एजंटला १०,००० पौंड मिळणार होते. त्याने तयार गिऱ्हाईक आणलं, पण कंपन्यांनी त्याला थिएटरं विकलीच नाहीत. एजंट आधी हरला, अपिलात जिंकला आणि शेवटच्या अपिलात पुन्हा हरला. लॉर्ड रसेल यांचं म्हणणं असं, की आठ-नऊ दिवसांच्या कामाला लॉर्ड चॅन्सेलरच्या वर्षाच्या पगाराएवढी रक्कम मिळणार असेल, तर धोकाही एजंटनेच पत्करावा.

तर्क पटतो, तरी खुपतो. क्लायंटने माझं फीचर रिलीजच्या आदल्या दिवशी रद्द केलं तरी माझा पगार एक तारखेला जमा होतोच.

आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ तेच सांगतं: वेगळा करार नसेल, तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटला पैसे मागता येत नाहीत. म्हणूनच पुण्यात ब्रोकरने अकरा फ्लॅट दाखवले आणि एकही आवडला नाही, तर आपण त्याला चहाही पाजत नाही. कष्टांचे पैसे नसतात, कामाचे असतात.

आणि बारावा आवडला की?

"त्याने केलं काय? नुसतं दार उघडलं," असं माझा रूममेट म्हणतो. दलाली एक महिन्याचं भाडं, २४,००० रुपये. काम झालं नाही तेव्हा आपण निकाल बघतो, झालं की कष्ट मोजायला बसतो. दोन्हीकडून आपलेच पैसे वाचतात, हा काही योगायोग नाही.

ब्रोकर कोर्टात जाऊ शकतो, कागदावर तरी. पहिल्या अपिलात साधारणपणे पुरावा आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासले जातात. दुसरं अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर होतं, आणि वसुलीचा दावा २५,००० रुपयांपर्यंतचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ नुसार तेही नाही. एवढ्याशा रकमेसाठी हायकोर्ट अडवू नये, हे मला मान्य आहे. पण त्या थिएटरवाल्या एजंटला तीन पायऱ्या चढता आल्या. आमचा ब्रोकर पहिलीच चढणार नाही, कारण वकिलाची फी, तारखा आणि बुडालेले रविवार धरले तर २४,००० त्यातच संपतील. रूममेटला हे नेमकं ठाऊक आहे. "करून करून काय करेल?" हे त्याचं दुसरं वाक्य, आणि मला पहिल्यापेक्षा तेच जास्त टोचलं.

माझ्या वाट्याचे १२,००० मी दिले. उरलेल्या १२,००० वर आमच्या घरात अजून सुनावणी चालू आहे.