खोड सांगायची कुणी?

जुनी गाडी घेऊन फसलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय ऐकायला मिळतं? ‘नीट बघून घ्यायला हवी होती.’ डीलर हेच म्हणतो, मेकॅनिक हेच म्हणतो, घरचे हेच म्हणतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो स्वतःलाही हेच सांगतो. वाक्य साधं आहे, पण त्यात एक निवाडा आहे: चूक घेणाऱ्याच्या डोळ्यांची, विकणाऱ्याची नाही. हा निवाडा बरोबर आहे का?

एक उदाहरण समोर ठेवू. समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीनं डीलरकडून सात वर्षं जुनी हॅचबॅक पावणेचार लाखांना घेतली. दीड लाख साठवलेले, बाकीचं कर्ज. डीलर म्हणाला, ‘सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, एका डॉक्टरांची गाडी आहे मॅडम, डोळे झाकून घ्या.’ तिनं डोळे झाकले नाहीत. गाडी चालवून पाहिली, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली, आरसी आणि विमा फोनवर तपासला. तीन आठवड्यांनी गाडी चालता चालता बंद पडायला लागली. दिवे आपोआप लागू लागले, काचा अर्ध्यात अडकू लागल्या. गॅरेजवाल्यानं सीट काढून खालचं मॅटिंग उचललं, तर खाली वाळलेल्या गाळाचा थर आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज. गाडी कधीतरी पुरात बुडाली होती. डीलरच्या पावतीवर तळाला बारीक अक्षरात छापलेलं होतं: गाडी जशी आहे तशी विकली, नंतर कुठलीही तक्रार चालणार नाही.

असं घडायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक पुरात गाड्या बुडतात. दुरुस्ती परवडण्यासारखी नसेल तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात पुढे जाते. काही गाड्या सुट्या केल्या जातात. काही मात्र धुऊन, वाळवून, आतून सेंट मारून पुन्हा रस्त्यावर येतात. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदणीची तारीख दिसते, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. गाडी किती तास पाण्यात उभी होती, ते दिसत नाही. आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. एअरबॅगच्या जोडण्यांमध्ये गंज शिरला असेल, तर ती उघडायच्या क्षणी उघडेलच याची खात्री कोण देणार?

‘बघून घे’ या सल्ल्याला एके काळी अर्थ होता. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा दोघेही शेतकरी असायचे, दोघांचं ज्ञान साधारण सारखं. दात बघून बैल आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे घेणाराही सांगायचा. शिंगं साळून, रंगवून बैल तरुण दिसला तरी दात लपत नसत. पण तिथेही एक गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसायची नाही, ती म्हणजे खोड. बैल औताला जुंपला की बसकण मारतो, किंवा अनोळखी माणसाला मारायला धावतो, हे घरी आणून दावणीला बांधल्यावरच कळायचं. म्हणून ‘खोड सांगून विकला’ असं एखाद्याबद्दल म्हणणं ही त्याच्या चारित्र्याची पावती असायची.

ही गोष्ट आपल्या जुन्या स्मृतिकारांनाही माहीत होती. याज्ञवल्क्य स्मृतीत खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा करायला मुदती दिल्या आहेत: ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात, बियाण्याला दहा. त्याच यादीत दास-दासींसाठीही मुदत आहे, तेव्हा तिला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. पण त्यामागची समज बघण्यासारखी आहे. काही दोष वापरल्याशिवाय कळतच नाहीत, म्हणून पैसे दिले त्या क्षणी व्यवहार संपला असं धरायचं नाही.

आता विकणाऱ्याची बाजू नीट ऐकून घेऊ, कारण ती अगदीच पोकळ नाही. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरोनं कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात नेमका हाच वाद आहे. एका माणसाला घर विकायचं आहे. घर बाहेरून चांगलं, पण आतलं लाकूड कुजलेलं आहे, खोल्यांमध्ये साप-किडे निघतात, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्यानं सांगायला हवं का? अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण इथे तुम्ही जाणूनबुजून दुसऱ्याला चुकू देता. डायोजेनीस (पिंपात राहणारा नव्हे, बॅबिलोनचा) म्हणतो, त्यानं तुझ्यावर घर घ्यायची सक्ती केली का? न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. ‘रोगट घर विकणे आहे’ अशी दवंडी पिटणारा मालक म्हणजे मूर्खच. सिसेरो शेवटी अँटिपेटरच्या बाजूनं उभा राहतो, पण डायोजेनीसचं म्हणणं आजही प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येतं. गाडी जुनी आहे म्हणूनच स्वस्त आहे. नवीसारखी हवी तर नवी घ्या. आणि प्रत्येक ओरखड्याची कथा सांगत बसलो तर धंदा कसा करू?

यातलं पहिलं म्हणणं मान्य करायला हवं. सात वर्षांच्या गाडीचे क्लच आणि ब्रेक पॅड झिजलेले असणार, बॅटरी थकलेली असणार. ते वय आहे, आणि वयाची किंमत भावातून वजा झालेली असते. त्यासाठी कुणी तक्रार घेऊन आलं तर डीलरनं हात जोडावेत. पण गाळ हे वय नाही. इथे एक साधी कसोटी लावता येते: ‘ही गोष्ट सांगितली असती, तर गाडी याच भावात गेली असती का?’ गेली असती, तर न सांगण्यानं काही बिघडलं नाही. नसती, तर दोन भावांमधला जो फरक आहे तेवढे रुपये डीलरनं गाडीबद्दल घेतलेले नाहीत. ते त्यानं गप्प बसण्याचे घेतलेत.

आपल्या कायद्यात हाच पेच १८७२ पासून पडून आहे. भारतीय करार कायद्याचं कलम १७ फसवणूक म्हणजे काय ते सांगतं, आणि सोबत घोड्याची उदाहरणं देतं. एकानं लिलावात आजारी घोडा विकला, आजाराबद्दल काही बोलला नाही: ही फसवणूक नाही. पण घेणारी विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निरोगी आहे असं मी धरीन,’ आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच. याच कलमात, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं हीसुद्धा फसवणूक मानली आहे. मॅटिंगखालचा गाळ तसाच ठेवून वर नवं सीट कव्हर घालणं याला नुसतं मौन म्हणता येत नाही. त्याला मेहनत लागते.

त्या तीन उदाहरणांमधलं मधलं मला सगळ्यात बोचतं. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की स्वतःच्या मुलीला कुणी आजारी घोडा न सांगता विकणार नाही. म्हणजे काय सांगायला हवं, हे विकणाऱ्याला नीट कळत असतं. प्रश्न इतकाच की समोरची व्यक्ती त्या कर्तव्याच्या कुंपणाच्या आत येते की बाहेर राहते.

ग्राहक हक्क म्हणजे हे कुंपण थोडं पुढे सरकवणं. त्यामागचं कारण सोपं आहे. डीलर गाड्या रोज बघतो, ही मुलगी दहा वर्षांतून एकदा. त्याच्याकडे लिफ्ट आहे, स्कॅनर आहे, अनुभव आहे, आणि या सगळ्याचाच नफा तो मिळवतो. म्हणून ‘मलाही माहीत नव्हतं’ असं तो खरोखर म्हणत असला, तरी जोखीम त्याच्याकडेच राहणं न्याय्य आहे. ज्याला कमी खर्चात कळू शकलं असतं, त्यानं कळवून घ्यावं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तू नवी की जुनी असा भेद करत नाही. पैसे देऊन घेतली, धंद्यात फिरवायला नाही, तर तुम्ही ग्राहक. पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाराही यात येतो. दर्जाबद्दलची खोटी विधानं, मग ती तोंडी असोत की लेखी, अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. त्यामुळे ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ हा शब्द हवेत विरून जात नाही. व्यवहाराचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तीही आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोष दूर करून देणं, पैसे परत करणं, भरपाई देणं, हे आदेश आयोग देऊ शकतो. आधी विचारायचं असेल तर १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

पण तिथे दोष सिद्ध करायचा आहे तो तिनं. तपासणीचं शुल्क आधी तिलाच भरायला सांगितलं जाऊ शकतं. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आणि हप्ते कुणाची वाट बघत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार डीलरकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करता येते. त्यानंतरही, पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं साधारणपणे धरतात. नव्हता हे विक्रेत्यानं दाखवायचं. याज्ञवल्क्याचे पाच दिवस तिथे तीस झाले. आपल्याकडे जुन्या गाडीसाठी असे ठरलेले दिवस नाहीत. म्हणून घोड्याचं तिसरं उदाहरण लक्षात ठेवावं: गाडी पुरात बुडाली होती का, अपघात झाला होता का, मीटर मागे केलाय का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारावं. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. उत्तर आलं तर पुरावा, टाळलं तर तोही एक इशारा.

हे सगळं फक्त फसलेल्यांसाठी आहे असंही नाही. १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. २००१ मध्ये याच विषयावरच्या कामासाठी त्यांना दोघांसोबत नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चांगली आणि वाईट गाडी घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. गाळ लपवणारा डीलर त्या मुलीला तर फसवतोच, पण शेजारच्या प्रामाणिक डीलरचं दुकानही तोच बंद पाडतो.

आता शेवटचा आणि अवघड प्रश्न, आणि तो डीलरला विचारायचा नाही. ती मुलगी वैतागली आहे. मित्र सांगतो, ‘कशाला कोर्टकचेऱ्या? थोडं काम करून घे, फोटो काढ, ऑनलाइन टाक. दोन आठवड्यांत जाईल. बोलू नकोस काही.’ ती व्यापारी नाही, त्यामुळे तिच्यावर ग्राहक कायद्याचा बडगा येण्याची शक्यता जवळपास नाही. पावणेचार लाख तिचेही घामाचेच आहेत. आणि तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

पण गाळ आता तिच्या माहितीत आहे. ज्या ज्ञानामुळे आपण डीलरला जबाबदार धरलं, ते आता तिच्याकडे आलं आहे. उद्या जाहिरात बघून कुणीतरी येईल, बहुधा तिच्यासारखंच, पहिली गाडी घेणारं. बोनेट उघडून आत डोकावेल, मनातल्या मनात हप्ता मोजेल आणि विचारेल, ‘काही प्रॉब्लेम नाही ना गाडीत?’ तिनं खरं सांगितलं तर लाखभर रुपये कमी येतील, कदाचित गाडी भंगारातच द्यावी लागेल. तो तोटा तिचा नव्हताच, डीलरचा होता, म्हणून तिनं त्याच्याच मागे लागावं, आयोगात जावं, तारखांना हजर राहावं. हा रस्ता लांबचा आणि कंटाळवाणा आहे. दुसरा रस्ता दोन आठवड्यांचा आहे, आणि त्याच्या टोकाला कुणीतरी त्या नव्या मालकाला सांगणार आहे, ‘नीट बघून घ्यायला हवी होती.’