पाहणारा नव्हता तेव्हाची खाडी



मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर युवा गटाची मुले दोन विनंत्या घेऊन आमच्याकडे आली. एक, ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला सहल न्यायची. दुसरी, त्याच दिवशी खाडीच्या चिखलात तिवराची रोपे लावायची. आम्ही दोन्हींना होकार देणारच होतो. इतक्यात बाकावर बसलेले आपल्या कोळीवाड्यातले एक आजोबा म्हणाले, "फादर, पोरं बघायला आली म्हणून खाडी मोठी झाली. आम्ही पन्नास वर्षं जाळं टाकलं तेव्हा ती खाडी नव्हती का?"

या प्रश्नाने आठवडाभर आमची पाठ सोडली नाही.

खाडीला आज मान आहे हे खरे. २०१५ साली सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर यादीत तिचे नाव आले. पण हे पक्षी येथे मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकापासून. ते खातात निळे-हिरवे शेवाळ, आणि अनेक अभ्यासकांच्या मते ते शेवाळ इतके माजते ते आपल्या शहरांच्या सांडपाण्यावर. म्हणजे ज्या पाण्याने आजोबांच्या जाळ्यातली बोई, कोळंबी, निवटी कमी केली, त्याच पाण्याने आपल्याला गुलाबी थवे दिले!

मग खाडी पूर्ववत करायची म्हणजे नेमके काय? उद्या सांडपाणी खरोखर शुद्ध होऊन खाडीत गेले आणि रोहित कमी झाले, तर ते नुकसान म्हणायचे का? आम्हाला वाटते, सांडपाणी तरीही शुद्ध झालेच पाहिजे. निवटी पाहायला कोणी तिकीट काढत नाही, एवढ्याने तिची किंमत कमी होत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव पाचव्या दिवशी मासे व पक्षी यांना आशीर्वाद देतो आणि ते चांगले आहे असे पाहतो. तेव्हा माणूस जन्मालाही आला नव्हता. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की देवाचा चांगुलपणा एकाच प्राण्यात मावत नाही, म्हणून त्याने नाना जीव निर्माण केले. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. चिखलातल्या निवटीला ते लागू पडते हे तेव्हा सुचले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही अभयारण्य झाले त्याच वर्षी 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच सांगितले: प्रत्येक जीवाला, आपल्या उपयोगापलीकडे, स्वतःचे मोल आहे.

रोपांचेही असेच. तिवरे हवीतच, पण उघडा चिखल म्हणजे ओसाड जागा नव्हे. ओहोटीला रोहित आणि इतर पाणपक्षी तिथेच चरतात. तिथे झाडी उभी राहिली तर त्यांचे ताटच गेले. भरतीला हा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा ते नेरुळकडच्या तळ्यांवर विसावतात. तिथल्या एका तळ्यात २०२४ साली भरतीचे पाणी यायची वाट बुजली, तळे आटले आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. तिथे लावण्यासारखे काहीच नव्हते. पाण्याची वाट तेवढी मोकळी करायची होती. आपल्याला मात्र काहीतरी लावून, फोटो काढून, फलक उभारून आल्याशिवाय सेवा केल्यासारखे वाटत नाही. आम्हालाही नाही, हे कबूल करतो.

तर मुलांनो, सहल ठरली. रोपे नकोत. पक्ष्यांच्या फार जवळ बोट न्यायला नावाड्याला सांगू नका. थवा उडाला की फोटो छान येतो, पण त्यांचे जेवण मोडते. बोटीत एक जागा आजोबांसाठी राखली आहे. खाडीत कुठे काय मिळायचे ते त्यांनी मुलांना दाखवावे, अशी आम्ही त्यांना विनंती केली. "बघू," म्हणाले. "ओहोटी किती वाजता आहे ते आधी सांगा."

आपला धर्मगुरू