निर्दोष व्यक्ति आणि कठोर नियम

सन २००० मध्यें सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत रुमानियाच्या आंद्रेया रादुकान या सोळा वर्षांच्या मुलीनें जिम्नॅस्टिक्समधील वैयक्तिक सर्वांगीण स्पर्धेचें सुवर्णपदक मिळविलें. सर्दीवर म्हणून संघाच्या डॉक्टरांनीं तिला गोळी दिली होती. त्या गोळींतील स्यूडोएफेड्रिन हें निषिद्ध द्रव्य तपासणींत आढळलें आणि पदक परत घेण्यांत आलें. क्रीडा-लवादानेंहि तिचें अपील फेटाळलें.

हा न्याय कीं अन्याय? नियमाचा कैवार घेणारे म्हणतील, द्रव्य देहांत सांपडतें, हेतु मनांत दडलेला असतो. अजाणतेपणाची सबब एकदां मान्य केली, कीं लबाडहि तीच पुढें करील. हें म्हणणें मला पटतें. विस्तव अजाणतां हात लावणारासहि पोळतो. परंतु विस्तव त्यास पापी म्हणत नाहीं. समाज मात्र म्हणतो. पदक जाणें हा नियमभंगाचा परिणाम होय. कलंक लागावा तो दुष्ट हेतूस. हा भेद अधिकाऱ्यांनींहि ओळखला होता. तिच्यावर स्पर्धाबंदी आली नाहीं, व २००१ सालीं जागतिक स्पर्धेंत तिनें पुन्हां सुवर्णपदकें मिळविलीं. शिवाय तेंच द्रव्य २००४ सालीं निषिद्धांच्या यादींतून वगळलें गेलें आणि २०१० सालीं प्रमाणाची मर्यादा घालून पुन्हां आंत आलें. यादी ही मनुष्यकृत व्यवस्था. तिच्याबरोबर पाप-पुण्य बदलत नाहीं.

म्हणून नियम कठोर असावा, पण निकाल ऐकणारांनीं जीभ आवरावी. पदक नियम काढून घेतो. अब्रू मात्र आपण घेतों, आणि तें करण्यास कोणताहि नियम आपणांस सांगत नाहीं.