केंद्रकाचं राजेपण

करावे गावाच्या खाडीकडच्या बाजूला, टी. एस. चाणक्य संस्थेजवळच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असतं. खाडीतल्या बोई माशाच्याही असतं. ते थवे पाहायला आलेल्या माणसाच्या तांबड्या पेशीत मात्र नसतं. पक्व होताना ती केंद्रक बाहेर टाकते आणि तरीही सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहते. मग केंद्रकाला पेशीचा राजा का म्हणायचं?

हे राजेपण एका दिवसात आलेलं नाही. सूक्ष्मदर्शकातून लेवेनहुकला माशाच्या रक्तपेशीत नुसता ठिपका दिसला होता. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींत तोच ठिपका पुन्हापुन्हा पाहिला आणि त्याला नाव दिलं. श्लायडेनला वाटलं, नवी पेशी याच ठिपक्याभोवती जमते. ते चुकीचं ठरलं. पेशी पेशीपासूनच होते. १८६९ मध्ये मीशरने जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातून केंद्रकातलं आम्लधर्मी द्रव्य वेगळं काढलं. १८७६ मध्ये हर्टविगने सागरी अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येताना पाहिली. आनुवंशिकतेचा धागा केंद्रकाच्या हाती लागला आणि त्याचा राज्याभिषेक झाला.

या सत्तेला खरा धक्का दिला जीवशास्त्रज्ञ गर्डनने. १९६२ मध्ये त्याने बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात ठेवलं, आणि त्यातून नवी पिल्लं वाढली. आतड्याचं काम करणारं केंद्रक अंड्यात जाताच अंड्याचं ऐकू लागलं. म्हणजे हुकूम दोन्हीकडून सुटतात.

हुकूम दोन्हीकडून सुटत असतील, तर मग केंद्रकाभोवतीचा पडदा कशासाठी? २००६ मध्ये मार्टिन आणि कूनिन या शास्त्रज्ञांनी एक उत्तर सुचवलं: जनुकाच्या नकलेतला निरुपयोगी मजकूर कापायला वेळ लागतो, तो कापून होण्याआधीच प्रथिनं बनू लागू नयेत, म्हणून आडोसा. पण या पडद्यात हजारो छिद्रं, आणि त्यांतून अखंड ये-जा. २०१४ मध्ये बॉम आडनावाच्या दोन चुलतभावांनी तर चित्रच उलटं केलं. त्यांच्या मते केंद्रक ही मूळ पेशी. तिने बाहेर हातपाय पसरले आणि भोवतालचं पेशीद्रव तयार झालं. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी समुद्रतळाच्या चिखलातला एक आर्किया (जीवाणूसारखा एकपेशीय जीव) प्रयोगशाळेत वाढवल्याचं जाहीर केलं. त्याला केंद्रक नव्हतं, पण लांब फांद्यांसारखे हात होते. या कल्पनेला त्याने बळ दिलं. वाद मिटलेला नाही.

करावेपासून जवळच, खारघरला, अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिची मुळं १९५२ मध्ये परळला डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संशोधन केंद्रात आहेत. कर्करोग ओळखताना विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टीवर केंद्रकाचा आकार, कडा आणि गडदपणा पाहतात, आणि ते पेशीद्रवाच्या मानाने किती फुगलंय हेही. निदानाला एकटं केंद्रक पुरत नाही, नातं पाहावं लागतं. पाठ्यपुस्तकातल्या ‘केंद्रक पेशीवर नियंत्रण ठेवतं’ या वाक्यापुढे शिक्षकांनी आता एवढंच जोडावं: आणि पेशी केंद्रकावर.